रिकामे मंडल

दुधाची पिशवी उचलण्यासाठी अनंतराव उंबऱ्याबाहेर वाकले आणि सरळ होताना त्यांची दृष्टी सहज उजवीकडे गेली, तेव्हा चौकटीलगतच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, गेरूचे एक मंडल काढलेले होते. वीतभर व्यासाचे. रेघ अजून ओली होती, आणि खालच्या बाजूस एक थेंब ओघळून चुन्याच्या भिंतीवर थांबला होता. त्यांनी तर्जनीने त्याला स्पर्श केला. बोट तांबूस झाले. पहिल्या क्षणी त्यांना जे वाटले ते भय नव्हते, रागही नव्हता. एखाद्या पोथीच्या समासात अनोळखी हस्ताक्षरातील टीप आढळावी आणि मूळ पाठ बाजूला राहून ती टीप कोणाची हेच कुतूहल मनात भरून राहावे, तसे काहीसे झाले. पिशवीतून दुधाचा गारवा तळहातात उतरत होता. समोरच्या क्वार्टरांच्या ओळीत अजून कोणी उठलेले दिसत नव्हते. कुंपणाबाहेरच्या उंच गवतावर धुके होते. शाळा बंद असल्याने सकाळच्या घंटेचा आवाज गेल्या पाच दिवसांत झालेला नव्हता. मंडल आतून रिकामे होते. त्यांना खटकली ती हीच गोष्ट. मंडलात तारीख लिहायची आणि खाली घरातील माणसांची संख्या, असा नियम होता. नियम त्यांना तोंडपाठ असणे साहजिक होते, कारण तो त्यांनीच केला होता.

सुरतेस प्लेग आल्याची वार्ता तेवीस सप्टेंबरला वर्तमानपत्रात आली आणि दुसऱ्या दिवशी सिल्वासाच्या औषधांच्या दुकानांतून कॅप्सूल नाहीशा झाल्या. जवळच्या खडोलीच्या कारखान्यांत सूत पिळणारे, पेट्या भरणारे, यंत्रे पुसणारे कितीतरी लोक नंदुरबार-शिरपूरकडचे. त्यांचे भाऊ, मेहुणे, मुलगे सुरतेच्या मागांवर. ते ट्रकमधून, टेम्पोतून, मिळेल त्या वाटेने येऊ लागले. तेव्हा वापीकडच्या महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजनेचे सोळा विद्यार्थी पाठवले. त्यांच्यासोबत चेतन नावाचे तरुण प्राध्यापक आले आणि खडोलीच्या शाळेच्या ओसरीवर वस्तीतील लोक, कारखान्याचे एक-दोन मुकादम आणि हे विद्यार्थी यांची एक बैठक झाली. वस्तीला ओळखणारे आणि महाविद्यालयाला मान्य असे कोणी मध्ये हवे होते. अनंतराव आठ वर्षे दर रविवारी त्या ओसरीवर मुलांना शिकवीत आले होते. सरकारी शाळेत संस्कृतचे अध्यापक, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. साऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. सुरतेहून आलेले माणूस ज्या खोलीत असेल त्या खोलीवर दहा दिवस खूण असावी, त्या घरातील कोणी बाहेर पडू नये, आणि विद्यार्थ्यांनी रोज दोनदा जाऊन ताप पाहावा, असे ठरले. खडू दवाने पुसून जाईल म्हणून गेरू त्यांनीच सुचवला. फुलीऐवजी मंडल हवे हेही त्यांनीच सांगितले. फुली म्हणजे खोडणे. मंडलाच्या आत जे असते ते सांभाळलेले असते, असे ते मुलांना म्हणाले होते. काथ्याचा कुंचला कसा धरावा, उजव्या बाजूस आरंभ करून रेघ कशी मिळवावी, तेही त्यांनी काढून दाखवले होते. सोळाही मुले तोंडाला रुमाल बांधून तन्मयतेने पाहत होती, आणि आपण काही सुंदर गोष्ट करीत आहोत असे त्या दुपारी त्यांना वाटले होते. त्याच रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी आराखडा तयार केला. खडोलीच्या चाळी, अथालचा फाटा, पंप, शाळा. आणि खालच्या कोपऱ्यात स्वतःचे क्वार्टर, ज्यातून सगळ्या वाटा निघत होत्या. त्याच्यावर त्यांनी अक्षरे काढली होती, ‘केंद्र’.

हात कोणाचा, हे कळायला फार वेळ लागला नाही. रेघ डाव्या अंगाने खालून सुरू होऊन उलट्या दिशेने फिरली होती आणि जिथे मिळाली तिथे एक टोक दुसऱ्यावर किंचित चढले होते. सोळांपैकी डावखुरी एकच होती, मंजुषा. ती त्यांचीच विद्यार्थिनी. खडोलीतल्या एका लेथवाल्याची मुलगी, चाळीतून महाविद्यालयात गेलेली पहिली. आठवीत असताना फळ्यावर श्लोक लिहायला तिला बोलावले आणि तिने डाव्या हाताने खडू उचलला तेव्हा अनंतराव म्हणाले होते, ‘हे लिहिताना तरी उजवा वापर, बाळ.’ तिने वापरला. वाकडी, थरथरती अक्षरे आली, वर्ग हसला, आणि नंतर तीन वर्षे ती संस्कृतच्या तासाला उजव्या हाताने आणि बाकी सर्व तासांना डाव्या हाताने लिहीत असे. ही गोष्ट त्यांना दुसऱ्या शिक्षकाकडून पुष्कळ उशिरा कळली होती. आज त्यांच्या भिंतीवर तिने डाव्या हाताने लिहिले होते. म्हणजे लिहिलेच नव्हते; फक्त जागा आखून दिली होती.

“कोण आहे?” आतून प्रमिलाबाईंनी विचारले.

“कोणी नाही. दूध.”

“दुधाला इतका वेळ?” पदर खोचत त्या बाहेर आल्या, भिंतीकडे पाहिले, मग त्यांच्या तांबड्या बोटाकडे. “हे तुम्ही काढलंत?”

“मी कशाला काढू?”

“काय सांगावं. दोन दिवस झोपेतसुद्धा हवेत गोल काढताय.” त्या जवळ जाऊन पाहू लागल्या. हसू विरत गेले. “कोणाला कळलं?”

“काय कळलं?”

प्रमिलाबाईंनी त्यांच्या हातातली दुधाची पिशवी काढून घेतली. रत्नागिरीजवळच्या एका गावातून लग्न होऊन त्या आल्या त्याला चौतीस वर्षे झाली होती, आणि न बोलण्याचे त्यांचे जितके प्रकार होते ते सर्व अनंतरावांना परिचित होते. हा मात्र नवा होता. मग, जणू डाळ निवडताना बोलावे अशा स्वरात, त्या म्हणाल्या, “मी शेजारी शैलजाताईंना सांगितलंय, तुम्ही वापीला गेला होता म्हणून. पुस्तकं बांधायला टाकलीत म्हणून. विचारलं तर तेवढं लक्षात ठेवा.”

“पण मी तर सुरतेला गेलो होतो.”

“हो का?” प्रमिलाबाई म्हणाल्या. “मला वाटलं, विसरलात.”

विसरले होते, असे म्हणता आले नसते. त्या दिवसाचे सर्व काही त्यांच्या मनात होते, केवळ ते ज्या खणात होते त्या खणावर दुसरे नाव होते. सदाशिव हा त्यांचा पाठशाळेतला सहाध्यायी. लहानपणी एकाच चटईवर बसून दोघांनी रूपे घोकली होती. सदाशिवाकडे व्याकरणाच्या एका जुन्या पोथीची काही पाने होती आणि ती अनंतरावांना द्यावीत असे त्याच्या मनात आले होते. पितृपक्ष लागला त्याच दिवशी ते गेले, एक रात्र राहिले, आणि एकवीस तारखेस, बुधवारी, संध्याकाळच्या आत परतले. त्या दिवशी सुरत अजून साधीच होती. पुराचा गाळ गल्लीच्या कडेला वाळत होता, त्याचा एक आंबूस वास सर्वत्र होता, आणि सदाशिव पाने उलगडताना अधूनमधून खोकत होता. खोकला जुना, दम्याचा. चाळीस वर्षांपूर्वीही तो असाच खोकायचा आणि गुरुजी म्हणायचे, याचा विसर्ग मात्र निर्दोष आहे. दोघे हसले होते. अंतर होते एका पानाच्या रुंदीचे. ही गोष्ट आपण सुरतेस जाणे म्हणतो का? त्यांच्या लेखी ते सदाशिवाकडे जाणे होते, पोथीकडे जाणे होते. सुरतेहून येणारे लोक वेगळे. ते ट्रकच्या मागून उतरत, त्यांच्या केसांत सुताचा भुगा असे, त्यांच्याजवळ पत्र्याची पेटी असे. पाहणीच्या वहीत रकाना होता, ‘सुरतेहून आलेल्या व्यक्तीचे नाव’. गेल्या चार दिवसांत अनंतरावांनी तो रकाना चाळीस-पन्नास वेळा भरला होता, आणि लेखणी कागदावरून उचलताना एकदाही हात अडखळला नव्हता. हे कसे घडले असेल, याचा ते आता खरोखरच विचार करू लागले, एखाद्या दुसऱ्याच मनुष्याविषयी करावा तसा. लबाडी असती तर ती त्यांना ओळखता आली असती. लबाडीला एक ताण असतो, पोटात कुठेतरी. इथे ताण नव्हता. इथे एक स्वच्छ, झाडलेली, निर्जन जागा होती आणि तिच्यावर लिहिले होते केंद्र.

त्यांनी नकळत गळ्याला हात लावला, मग सदऱ्याच्या आतून काखेत बोटे घातली. गाठ नव्हती. त्वचा उबदार होती, पण सप्टेंबरात ती कोणाची नसते? आपल्याच नाडीचे ठोके मोजताना तिच्याविषयी एक विलक्षण परकेपणा वाटला. सात दिवस झाले होते. काही होणार नाही बहुधा. पण या सात दिवसांपैकी चार दिवस ते खडोलीच्या खोल्याखोल्यांतून फिरले होते, खाटेवर बसले होते, रुमाल खाली ओढून मुलांना कॅप्सूल कशी गिळावी हे तोंड उघडून दाखवले होते. सदाशिवाचे त्यानंतर पत्र नव्हते. सुरतेचे टपाल तिकडेच पडून आहे असे म्हणत.

चहा पुढे आला. तो पिता पिता त्यांना तिकीट आठवले. परतीचे, जाड पुठ्ठ्याचे, सुरत ते वापी, कडेला तारीख ठसलेले. वापीच्या फाटकावर कोणी मागितले नव्हते. खुणेसाठी कोणतीही सपाट वस्तू पुस्तकात घालायची ही त्यांची सवय. घरातील अर्ध्या ग्रंथांत जुनी तिकिटे, लग्नपत्रिकांचे तुकडे, वाळलेली पाने होती. ते तिकीट त्यांनी पाहणीच्या वहीत खडोलीचे पान जिथे सुरू होते तिथे घातले होते, आणि काल संध्याकाळी ती वही मंजुषाकडे दिली होती. तिने पान उघडले असेल. तिकीट बाजूला ठेवून पान वाचले असेल. मग पुन्हा तिकीट हातात घेतले असेल.

आणि हे तिने कोणाकडून शिकले? रविवारी, पंचवीस तारखेस, तीच सोबत होती. सुकदेवच्या चाळीतल्या नवव्या खोलीत बायडाबाई राहत असे. नवरा नसलेली, कारखान्यात सुताच्या पेट्या भरणारी, पन्नाशीची बाई. तिचा मुलगा समाधान आतल्या कोपऱ्यात खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. ‘नंदुरबारहून उना, गुरुजी,’ बायडाबाई म्हणाली होती. ‘पोराले ताप नही. भूक शे नुसती.’ ताप खरोखरच नव्हता. अनंतराव निघणार होते. पण समाधानच्या सदऱ्याच्या कॉलरखाली शिंप्याची कापडी चिठ्ठी उलटून वर आली होती, आणि पोथीच्या शेवटची पुष्पिका वाचून ती कोठे व कधी लिहिली गेली हे ओळखण्यात ज्याचे आयुष्य गेले तो मनुष्य कोणतेही अक्षर न वाचता कसा जाईल? त्यांनी मान किंचित कलती करून वाचले. दुकानाचे नाव, रस्त्याचे नाव, सुरत. सदरा नवा होता, घडीची रेघ अजून गेली नव्हती. आपल्या सूक्ष्म दृष्टीचा त्या क्षणी त्यांना जो आनंद झाला तो त्यांना आता, चहाच्या पेल्यावर, स्पष्ट आठवला. तो आनंद लहान मुलासारखा निर्मळ होता. बायडाबाईने सांगून टाकले की समाधान तेवीस तारखेस आला. मंजुषाने कुंचला बुडवला. बायडाबाई मागोमाग बाहेर आली होती. ‘गुरुजी, तेवढं नका करू. सुकदेवभाऊ रूम खाली करी घेई. लोकं पंपावर उभं नही राहू देणार. पुसा ना. तुम्ही पुसलं तर कोणी काही म्हणणार नही.’ आणि ते तिला समजावत राहिले. दहा दिवसांचा प्रश्न आहे, बाई. नियम सर्वांना सारखा आहे. हे शब्द त्यांनी उच्चारले होते. शब्दांचा क्रमही हाच होता.

सुकदेवने खरोखरच खोली रिकामी करायला सांगितले. पंपावर बायकांनी बायडाबाईचा हंडा लाथेने दूर सारला. सोमवारपासून मंजुषा आणि आणखी एक मुलगी तिच्या दारात पाणी नेऊन ठेवीत, पण मंगळवारी चाळीतल्या माणसांनी सुकदेवला अडवून सांगितले की बुधवार संध्याकाळपर्यंत नववी खोली रिकामी झाली नाही तर आम्ही तेरा भाडेकरू सोडून जाऊ. बायडाबाईने जायचे कुठे? कारखान्याने तिला तीन ऑक्टोबरपर्यंत फाटकात यायला मनाई केलेली. सुरतेहून आलेल्या मुलाला घेऊन गावी जायचे तर कोणताही बसवाला घेईना. तेव्हा अनंतरावांनी शब्द दिला होता की बुधवारी दहा वाजता मी स्वतः येतो, चाळीतल्या सगळ्यांशी बोलतो. माझे ऐकतील. ऐकले असते. आठ वर्षांत त्या ओसरीवर त्यांचा शब्द कोणी मोडला नव्हता. आज तोच बुधवार होता.

नऊ वाजले. प्रमिलाबाई बादली आणि जुने पटकूर घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“बाजूला व्हा. वाळला की निघायचा नाही.”

“थांब.”

“कशाला थांबू? सात दिवस झाले, तुम्हाला शिंकसुद्धा आलेली नाही. ती बाई संध्याकाळी रस्त्यावर येईल. तुम्ही गेलात तर राहील तिचं घर. इथे गोलाच्या आत बसून तिला काय मिळणार?”

हे अगदी बरोबर होते. तराजूच्या एका पारड्यात एक बाई, तिचा मुलगा, एक खोली. दुसऱ्यात गेरूची एक रेघ. त्यांनी पटकुरातून निथळणाऱ्या पाण्याकडे पाहिले. पुसून तासाभरात खडोलीस पोचता येईल. मंजुषा काही बोलणार नाही. तिने तारीख लिहिली नाही, याचा अर्थ तिने दार उघडे ठेवले आहे. मग त्यांना ती ओसरी दिसली, समोर बसलेली माणसे दिसली, आणि त्यांना सांगत असलेला स्वतःचा आवाज ऐकू आला की ज्या घरावर मंडल आहे त्या घराला तुम्ही दूर लोटू नका. बोलणाऱ्याच्या बोटाला तांबडे लागलेले होते. त्यांनी धोतराला बोट पुसले, निघाले नाही.

“प्रमिला, तू शैलजाताईंना वापी का सांगितलंस?”

“का म्हणजे? उद्या त्यांनी आपल्या नळाला हात लावला नसता. मुलं आपल्या दारावरून नाक दाबून गेली असती. तुम्हाला नाही कळायचं.”

“बायडाबाईने नंदुरबार सांगितलं होतं.”

पटकूर बादलीत गेले. प्रमिलाबाईंनी ते पिळले नाही. “आई आहे ती,” त्या म्हणाल्या. मग, “सदरा नवा होता म्हणालात ना त्याचा? दसऱ्याला घातला असता.”

फाटकाशी लूनाचा आवाज थांबला. मंजुषा मागे बसून आली होती, पुढे स्वतः सुकदेव. पूर्वी कारखान्यात फिटर असलेला, शिरपूरकडचा, दमणगंगेच्या वाळूवर आणि स्वतःच्या पाठीवर चौदा खोल्या उभ्या केलेला माणूस. मंजुषा पेरूच्या झाडापाशी थांबली. पुढे आली नाही. तिच्या हातात डबा होता, काथ्याचा कुंचला त्यात उभा.

“चला गुरुजी,” सुकदेव म्हणाला, “सगळे जमलेत. बायकांचं तर ऐकूच नका, डोकं खाऊन टाकलंय. तुम्ही बोला, मग बघू.” तो बोलत बोलत चार पावले आत आला आणि त्याची नजर भिंतीवर गेली. पाय थांबले. “हे काय? पोरांनी मस्करी केली का?”

“नाही,” अनंतराव म्हणाले. “मी एकवीस तारखेला सुरतेहून आलो.”

कुठे तरी कावळा ओरडला. सुकदेवने आधी मंजुषाकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती. मग तो चारही पावले उलट मागे गेला, आणि फाटकाच्या लोखंडी दांडीला हात लागताच तो हातही त्याने मागे घेतला.

“एकवीस? म्हणजे शनवारी तुम्ही आमच्याकडे आले ते... रविवारी, सोमवारी... गुरुजी, तुम्ही साऱ्या रूममध्ये फिरले! माझ्या नातवाला तुम्ही तुमच्या हातानं गोळी दिली!”

“होय.”

“अन् त्या बाईला तुम्ही शिक्का मारला.”

“होय.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

या प्रश्नाचे खरे उत्तर काय, हे जाणून घेण्याची इच्छा अनंतरावांना सुकदेवपेक्षाही अधिक होती. “माहीत होतं,” ते म्हणाले. “स्वतःला मोजायचं असतं, हे लक्षात आलं नाही.”

सुकदेव हसला. ते हसणे चांगले नव्हते. “वा! आम्हाला मात्र एकेकाला बोट लावून मोजलं.”

“सुकदेवभाऊ,” मंजुषा पेरूखालून म्हणाली, “सरांनी पुसलं नाही. पुसता आलं असतं.”

“तू गप ग. तुला पण ठाऊक होतं ना? मग लूनावर बसताना बोलली का नाही?”

“तुम्ही आले नसते.” मग ती अनंतरावांकडे वळली. तिचा आवाज शाळेतल्यासारखाच बारीक होता. “सर, पहाटे मी कडी वाजवणार होते. पण तुम्ही काय म्हणाल ते मला समोर उभं राहून ऐकायचं नव्हतं. सॉरी.”

“तारीख का नाही लिहिलीस?”

“ती तुम्ही सांगायची ना सर. आपल्याकडे घरचे सांगतात, मग आपण लिहितो.”

खरेच, नियम तसाच होता. सुकदेव फाटकाबाहेर उकिडवा बसला होता. खिशातून विडी काढून त्याने ती पेटवली नाही, बोटांत फिरवीत राहिला. “मग आता तुम्हाला कोण काढणार? हे क्वार्टर कोण खाली करायला लावेल?”

“कोणी नाही. सरकारी घर आहे. नळही आत आहे.”

“असं.” विडी दुसऱ्या बोटांत गेली. “म्हणजे आमच्याकडे ज्याच्यावर शिक्का त्याला पंप बंद, अन् इकडे शिक्क्याच्या आत नळ.” तो स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होता, राग ओसरला होता की दुसरीकडे वळला होता, सांगणे कठीण होते. “मी तिकडे जाऊन सांगू काय? गुरुजी येत नाहीत, गुरुजींना पण शिक्का आहे? लोकं मला हाणतील.”

“तेच सांगा,” अनंतराव म्हणाले. “जसं आहे तसं. मी चार दिवस तुमच्या घरांतून फिरलो, हेही सांगा. तुमचा नातू आणि ज्या ज्या मुलांच्या जवळ मी बसलो, त्यांना कॉलेजची मुलं आजपासून रोज दोनदा तपासतील. आणि मला काढायचं नसेल तर बायडाबाईलाही काढू नका, एवढं माझं म्हणणं सांगा. ओसरीवर येऊन जे बोललो असतो ते आता मला बोलता यायचं नाही.”

सुकदेवने विडी पुन्हा खिशात टाकली. मग उठला, गुडघे झाडले. “तिची तारीख कोणती? तेवीस. म्हणजे तीन तारखेला दहा दिवस भरतात. पंपावर मी स्वतः उभा राहतो, हंडा भरून तिच्या दारात ठेवतो. बघू कोण आडवा येतो. रूम माझी आहे. पण गुरुजी, एक आहे. तीन तारखेला तिच्या दारचा शिक्का तुम्ही यायचं अन् तुमच्या हातानं पुसायचा. साऱ्यांसमोर.”

“येईन.”

“अन् पुसल्यावर तिच्या हातचं पाणी प्यायचं. तिच्या हंड्यातलं.”

अनंतराव थांबले.

“आम्ही बघतो ना,” सुकदेव म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज मऊ झाला, जणू अवघड जागेचे दुखणे सांगावे. “आठ वर्षं झाली. दर रविवारी तुमची फिरकीच्या झाकणाची पितळी बाटली घेऊन येता. ओसरीवर बसता, पोरांना शिकवता, बाटलीतलं पिता. चहा ठेवला तर म्हणता पोट बरं नाही. आम्ही काही बोललो का? चांगला माणूस आहे, पोरांना शिकवतो, असू दे म्हणालो. पण लोकांना आता पाणी बघायचंय. तुम्ही दहा वेळा बोललात तरी त्यांना कळणार नाही. पाणी कळेल.”

बाटली आत फळीवर होती, घासून ठेवलेली. तिच्याविषयी अनंतरावांनी कधी विचारच केला नव्हता. वडील तशी नेत, सवय होती, सोवळ्याचे त्यांच्या मनात आता काही उरले नाही असे ते मित्रांना सांगत आणि तसे मानीतही. त्यांना दिसले की आज पहाटे उमटलेले हे मंडल काही पहिले नव्हते. दुसरे एक फार पूर्वीपासून त्यांच्याभोवती होते, गेरूवाचून काढलेले. खडोलीतल्या प्रत्येक माणसाने ते पाहिले होते आणि सौजन्याने त्याच्या कडेला उभे राहून त्यांच्याशी बोलत आले होते. त्यांना लाज वाटली. पण लाजेच्या शेजारीच, तिच्याहून थोडे अधिक, एक आश्चर्य उभे होते. इतक्या वर्षांत आणखी काय काय त्यांनी पाहिले असेल?

“पिईन,” ते म्हणाले.

सुकदेवने मान हलवली, लूना वळवली. मंजुषाने डबा आणून वाटेच्या मध्यावर ठेवला आणि आठ हात मागे जाऊन उभी राहिली. तोही नियम त्यांचाच होता. प्रमिलाबाई उंबऱ्यावर आल्या. बादली अजून त्यांच्या पायाशी होती. अनंतरावांनी कुंचला उचलला. गेरू दाट झाला होता. त्यांनी मंडलात एकवीस लिहिले, महिना लिहिला. अक्षरे नेहमीसारखी सुरेख आली नाहीत. कुंचल्याचा काथ्या फिसकटला होता.

“खाली दोन लिहा,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “मी काय शैलजाताईंकडे राहायला जाणार आहे? आणि लिहून झालं की मीच त्यांना हाक मारते. वापी नव्हतं म्हणून सांगते.”

त्यांनी दोन लिहिले. मंजुषाने वही उघडली, डाव्या हाताने नोंद केली, तिकीट पुन्हा पानात घालून वही मिटली आणि लूनावर जाऊन बसली. आवाज वळणापर्यंत ऐकू आला. अनंतराव आत आले. तहान लागली होती. त्यांनी माठावरचे झाकण काढले, फुलपात्र बुडवले आणि ते ओठांशी तसेच धरून उभे राहिले. या पाण्याला फार काही चव नव्हती. खडोलीचा पंप खडकातला होता. त्याच्या पाण्याला लोखंडाचा वास असेल का, की पावसाळ्यानंतर ते गोडसर लागत असेल, हे त्यांना माहीत नव्हते. कधी मनातही आले नव्हते. आता मात्र ते जाणून घ्यावे असे त्यांना फार उत्कटतेने वाटू लागले, आणि त्यासाठी अजून पाच दिवस होते.